चौकटीची मागची बाजू

आयुष्यभर मी प्लास्टिकला शिव्या घातल्या. प्लास्टिकची खुर्ची पुढे केली तर मी उभा राहणं पसंत करतो, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. त्यामुळे त्या दुपारी वहिनींच्या टेबलावर खिडकीच्या चौकटीचे तीन नमुने मांडून मी जेव्हा "प्लास्टिकचीच करू" म्हणालो, तेव्हा माझी पुतणी हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिली.

"काका, तुम्हाला ताप आहे का?"

"ताप कशाला असेल? जग बदलतं तसं माणसानंही बदलावं."

"मागच्या वर्षी मी घेतलेल्या डब्याला तुम्ही बादलीची औलाद म्हणाला होतात."

"डबा वेगळा, खिडकी वेगळी," मी म्हणालो आणि पांढऱ्या नमुन्यावर टिचकी मारली. "हे साधं प्लास्टिक नाही. याला यूपीव्हीसी म्हणतात. आत पोलादी पट्टी असते. रंग नको, वाळवी नको, पाणी पिणार नाही, फुगणार नाही. शिवाय बसवायला एक दिवस पुरतो."

वहिनी टेबलाशी आल्या. त्यांनी तिन्ही नमुने एकेक करून उचलले. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा हातात तोलून खाली ठेवला, प्लास्टिकचा बाजूला सारला आणि सागवानाचा मांडीवर घेऊन बसल्या.

खिडकी बदलायचीच होती, त्यात वाद नव्हता. सात फूट रुंद, पाच फूट उंच, तिसऱ्या मजल्यावरची, रस्त्याकडे तोंड करून असलेली ती खिडकी सोळा वर्षांपूर्वी आम्ही दोघा भावांनी केली होती. दादाला बसून रस्ता बघायचा होता म्हणून तिचा कट्टा गुडघ्याइतकाच ठेवला. आता तिची खालची पट्टी कुजली होती. गेल्या महिन्यात तिचा वीतभर तुकडा खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटवर पडला आणि इमारतीच्या लोकांनी चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीतली भाषा सभ्य होती, पण 'पुन्हा' हा शब्द त्यात होता, आणि तो वाचून वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत, असं पुतणी सांगत होती.

कारण चार वर्षांपूर्वी त्याच खिडकीतून दादा पडला. दमट दिवस होते, डावी झडप नेहमीसारखी अडकली होती. दादाची ती उघडायची एक पद्धत होती: तळहातानं दोन हलके ठोके, मग खांद्यानं एक जोराचा. त्या दिवशी तिसऱ्या ठोक्याला झडप एकदम सुटली आणि तिच्यामागोमाग दादाही गेला. सगळे म्हणाले, नशीब. मीही म्हणालो, नशीब. दहाव्या दिवशी मीच त्या झडपेला आतून चार इंची खिळे मारले.

माझ्या अचानक आलेल्या प्लास्टिकप्रेमाचं कारण सांगतो. लाकडाची नवी खिडकी करायची तर जुनी चौकट भिंतीतून उखडून काढावी लागते. प्लास्टिकची तशी नाही. जुनी चौकट भिंतीत तशीच ठेवून तिच्या आत नवी बसवता येते, वरून पट्टी मारली की जुनं काही दिसत नाही. मला ती जुनी चौकट भिंतीतच राहायला हवी होती. मी मेल्यानंतर इमारत पडली आणि मग ती बाहेर आली असती, तर माझी काही हरकत नव्हती.

आमच्या सुतारकामाच्या कारखान्याची एक रीत आहे, आमच्या वडिलांनी घालून दिलेली. चौकट भिंतीत बसवण्याआधी तिच्या मागच्या बाजूला, म्हणजे जी बाजू भिंतीला चिकटते आणि कुणाला कधी दिसत नाही तिथे, पेन्सिलनं लिहायचं. तारीख, लाकूड कुठलं, किती वाळवलेलं, आणि खाली एक ओळ, जो सुतार ती पुढे कधीतरी काढेल त्याच्यासाठी. वडील म्हणायचे, भिंतीला कान असतात असं लोक म्हणतात, मग तिला वाचायलाही काहीतरी द्यावं. त्यांच्या हातच्या चौकटी आम्ही पुढे काढल्या तेव्हा 'उजवी भिंत वाकडी आहे, मी नाही' किंवा 'या घरात चहा पाणचट मिळतो' अशा ओळी वाचून आम्ही हसून लोळलो आहोत. पण वरच्या माहितीत ते कधी खोटं लिहीत नसत. तिथे खोटं लिहिणारा सुतार मेल्यावर अडकलेली दारं उघडत बसतो, असं ते सांगायचे.

दादाच्या खिडकीच्या चौकटीवर मी लिहिलं होतं, 'सागवान. अव्वल. दोन वर्षं वाळवलेलं.'

ते लाकूड चार महिन्यांचंही नव्हतं. वाळवलेला चांगला माल मी एका गिऱ्हाइकाला देऊन टाकला होता, कारण तो रोज दारात येऊन उभा राहायचा. दादा तेव्हा बाहेरच्या एका कामावर होता. जाताना सांगून गेला होता, "धाकट्या, प्रत्येक फळी गालाला लावून बघ." ओलं लाकूड गालाला गार लागतं, हाताला फसवतं पण गालाला नाही, हे आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं. मी फळ्या गालाला लावल्या. गार लागल्या. थंडीचे दिवस आहेत, सगळंच गार लागणार, असं मी स्वतःला सांगितलं. घरचंच तर काम आहे, चालतंय. परक्याच्या कामात मी असं कधी केलं नसतं. आपल्या माणसांना आपण नेहमी उरलेलं देतो.

चौकट बसवायच्या दिवशी दादा परत आला. त्यानं माझी ओळ वाचली, वाकून चौकटीला गाल लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग कानावरची पेन्सिल काढून माझ्या ओळीखाली काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "उचल." मी वाचलं नाही. त्यानंतर ते लाकूड भिंतीत वाळलं, पिळलं, सांधे उघडले, त्यात पाणी शिरलं, आणि दादा दर वर्षी रंधा घेऊन त्या झडपेच्या कडा काढत राहिला. बारा वर्षांत त्यानं मला एक शब्द विचारला नाही. त्यानं काय लिहिलं, तेही मी त्याला कधी विचारलं नाही.

"साडेचार होत आले," वहिनी म्हणाल्या. "बसा भावोजी. हे येतील."

पुतणीनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे ऐकून घ्या असं. मी बसलो. एरवी मी काही ना काही निमित्त काढून या वेळेआधी तिथून निघायचो.

समोरच्या इमारतीची सावली खिडकीवर चढत गेली. डावी झडप पूर्ण सावलीत आली तेव्हा लाकडातून आवाज आला. ठक. ठक. मग थोडा थांबून एक जोराचा, दणकट. खिळे हलले की मला तसं वाटलं, ते सांगता येणार नाही.

"रोज ढकलतात," वहिनी अगदी सहज म्हणाल्या, जसं कुणी सांगावं की दूधवाला आला. "उघडत नाही, मग जातात."

"लाकूड आहे वहिनी. दिवसभर उन्हात तापतं, सावली आली की आकसतं. सांधे बोलतात."

"असेल," त्या म्हणाल्या. "पण चार वर्षं मी याच आवाजावर जगतेय."

मी मग पुन्हा प्लास्टिकची बाजू लावून धरली. घसा कोरडा पडेपर्यंत बोललो. शेवटी पुतणी उठली, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खिडकीशी गेली आणि तिनं तो खालच्या पट्टीत खुपसला. मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला काळा ओला भुगा चिकटला होता.

"या कुजक्याच्या आत तुम्ही नवी चौकट बसवणार? स्क्रू कशात धरणार, काका? मी सुताराची मुलगी आहे हो."

मला तिचा रागही आला आणि अभिमानही वाटला. दादा असता तर त्यानंही हेच केलं असतं.

"अ‍ॅल्युमिनियम घेऊ या का?" तिनं आईला विचारलं. "कडा बारीक असतात, काच मोठी राहील. जुनी काढावी मात्र लागेल."

"बारीक आहे खरं," वहिनी म्हणाल्या. मांडीवरचा सागवानाचा तुकडा त्यांनी सोडला नव्हता. "पण त्यातून हे आवाज कसा करतील? त्यांना ढकलायला लाकूड लागतं. लाकडाचीच करा, भावोजी. तुम्हीच करा. यांच्यासोबत तुम्ही केली होती, तशीच."

तशीच. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

ती चौकट काढायचं मी तीन आठवडे लांबवलं. एकदा पाठ धरली, एकदा बिजागऱ्या मिळत नव्हत्या, एकदा तर मी माझ्याच कारखान्यातलं मशीन बंद पडल्याचं सांगितलं. एके दिवशी पहाटे किल्ली घेऊन एकट्यानंच जावं, चौकट काढावी आणि मागची बाजू तासून टाकावी, असंही मनात आलं. रंधा पिशवीत भरलासुद्धा. मग तो दादाचा रंधा आहे हे लक्षात आलं आणि पिशवी तशीच ठेवून दिली. या तीन आठवड्यांत मला नीट झोप नव्हती. कारखान्यात दुपारी साडेचारला मी मशीन चालू ठेवायचो, काही कापायचं नसलं तरी.

अखेर एका सकाळी मी आणि आमचा जुना मिस्त्री वहिनींच्या घरी पोचलो. या मिस्त्रीला आम्ही सगळे 'हळू' म्हणतो, कारण तो दर दोन मिनिटांनी सगळ्यांना तेच सांगतो. आधी काचा उतरवल्या. मग मी डाव्या झडपेचे चार खिळे उपटले. ते इतक्या सहज आले की मला नको वाटलं. झडप सुटून हातात आली तेव्हा हळू म्हणाला, "हलकी झालीय. आतून खाल्लीय सगळी."

दुपारच्या आत चौकट भिंतीतून निघाली. आम्ही ती खोलीत भिंतीला टेकवून उभी केली. मी मुद्दाम मागची बाजू भिंतीकडे केली, पण पुतणी तयारच होती. लहानपणी तिनं बापाच्या मांडीवर बसून या ओळींचे किस्से ऐकले होते. "बाबांनी काय लिहिलंय ते बघायचंय," म्हणत तिनं हळूच्या मदतीनं चौकट फिरवली. वहिनी चष्मा पुसत पुढे आल्या.

माझी ओळ स्वच्छ होती. सोळा वर्षं भिंतीत राहून एक अक्षर पुसलं नव्हतं. 'सागवान. अव्वल. दोन वर्षं वाळवलेलं.'

"तुमचं अक्षर," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "बघ गं, चांगलंच लाकूड वापरलं होतं. नशिबापुढे लाकूड तरी काय करणार?"

त्याखाली दादाचं अक्षर होतं. एकच शब्द, 'धाकट्या', आणि पुढे स्वल्पविराम. नंतरचं लाकूड काळं पडून भुसभुशीत झालं होतं. पुतणीनं नखानं हलकेच खरवडलं तर तिथला भुगा जमिनीवर पडला आणि मागे खड्डा उरला. ओल्या लाकडानं दादाचं वाक्य खाऊन टाकलं होतं, आणि माझं खोटं तेवढं जपलं होतं.

"काका, पुढे काय लिहिलं होतं?"

"कोण जाणे," मी म्हणालो. "चेष्टा केली असेल माझी. दुसरं काय करायचा तो."

मी सुटलो होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला हसू आलं, आणि ते लपवायला मी टेप शोधायच्या निमित्तानं वाकलो.

दुपारभर आम्ही भिंतीच्या कडा सारख्या केल्या. पडू नये म्हणून त्या मोकळ्या जागेत कमरेच्या उंचीवर दोन आडव्या फळ्या ठोकल्या. बाकी सगळं उघडं होतं. रस्त्यावरचे आवाज थेट खोलीत येत होते. वहिनी आपली खुर्ची नेहमीच्या जागी ओढून बसल्या. पुतणी जमिनीवरचा भुगा एका कागदात गोळा करत होती, हळू पाणी पीत होता. समोरच्या इमारतीची सावली आली, पण तिला चढायला आता लाकूड नव्हतं. ती सरळ आत येऊन जमिनीवर पडली.

ठक. ठक.

माझ्या हातातला हातोडा थांबला. आवाज डाव्या बाजूनं आला होता, जिथे झडप असायची आणि आता फक्त हवा होती. मग थोडा वेळ गेला, नेहमीइतकाच. मग तिसरा आला, खांद्याचा. तो इतका जवळ होता की मी मागे सरलो.

मी हळूकडे बघितलं. तो पाणीच पीत होता. पुतणीनं मान वर केली नव्हती. वहिनी रिकाम्या जागेकडे बघत बसल्या होत्या, डोकं किंचित तिरकं करून, ऐकत. मग त्यांचे खांदे खाली आले.

"नाही आले," त्या म्हणाल्या.

"आई, उद्या येतील," पुतणी म्हणाली.

"नाही गं. भावोजी म्हणत होते तेच खरं. लाकूडच होतं ते. चार वर्षं मी एका लाकडाशी बोलत होते." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "म्हणजे हे त्याच दिवशी गेले. मी उगाच थांबले."

त्या उठून आत जायला लागल्या. दादा गेला त्या दिवशीसुद्धा मी त्यांना इतकं म्हातारं झालेलं पाहिलं नव्हतं. मी काही बोललो नसतो तर चाललं असतं. चौकट कुजलेली होती, ओळ गेलेली होती, विचारणारं कुणी नव्हतं. आणि ते लाकूडच होतं हे वहिनींना पटवायला मीच तर चार वर्षं जीव तोडून बोललो होतो.

"वहिनी," मी म्हणालो. "आले होते."

त्या दारातच थांबल्या.

"आत्ता. दोन हलके आणि एक जोरात. मी ऐकलं. तुमच्याकडे नाही आला तो. माझ्याकडे आला होता."

"तुमच्याकडे कशाला?"

मग मी सांगितलं. गिऱ्हाइकाला दिलेला चांगला माल, गालाला लागलेला गारवा, घरचंच काम आहे म्हणून स्वतःची घातलेली समजूत, चौकटीवर लिहिलेलं खोटं, सगळं. बसून सांगितलं. बसायला जवळ पुतणीची प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावरच बसलो. "ते लाकूड ओलं होतं, वहिनी. मला माहीत होतं. झडप त्यामुळे अडकायची. नशीब वगैरे काही नव्हतं. दादालाही पहिल्या दिवसापासून कळलं होतं, आणि तो मरेपर्यंत माझी चूक रंध्यानं तासत राहिला."

हळूनं पाण्याचा पेला आवाज न करता खाली ठेवला आणि तो जिन्यात जाऊन उभा राहिला. पुतणी हातातल्या कागदाकडे बघत होती. त्या कागदात तिच्या बापाची ओळ होती, भुगा होऊन. तिनं कागदाची घडी घातली आणि ती मला न देता आत घेऊन गेली.

वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या टेबलाशी गेल्या. नमुने अजून तिथेच होते. सागवानाचा तुकडा उचलून त्यांनी माझ्यासमोर धरला.

"लावा गालाला."

मी लावला.

"गार आहे?"

"नाही वहिनी. वाळलेलं आहे."

त्यांनी तो माझ्या हातातून काढून स्वतःच्या गालाला लावला आणि डोळे मिटले. "मला शिकवलं असतं तर मीही ओळखलं असतं," त्या म्हणाल्या. "माझ्याच घरची खिडकी होती."

नवी खिडकी सागवानाचीच झाली. चार वर्षं वाळवलेल्या मालाची. पण कापण्याआधी प्रत्येक फळी वहिनींनी मला तीन मजले चढवून वर न्यायला लावली. वहिनी खुर्चीत बसायच्या, मी फळी धरायचो, त्या गाल लावायच्या आणि मान हलवायच्या. एकोणीस फळ्या पास झाल्या. विसाव्या फळीपाशी त्या बराच वेळ थांबल्या.

"ही गार आहे," त्या म्हणाल्या.

मी ती माझ्या गालाला लावून बघितली. गार नव्हती. चांगली कोरडी होती, त्या सगळ्यांत कदाचित सगळ्यात चांगली. मी वहिनींकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"हो वहिनी," मी म्हणालो आणि ती फळी खांद्यावर घेऊन तीन मजले खाली उतरलो.